तो धागा बाईंचा नव्हता

सत्काराची शाल खांद्यावर पडायच्या आत मागे सरकणारी व्यक्ती मी आजवर एकच पाहिली. बहरैनमधल्या ईसा टाउनच्या आमच्या शाळेचा हॉल, बाईंच्या निरोपाचा कार्यक्रम, आणि आमचे चेअरमनसाहेब शाल उलगडून हसतमुखाने पुढे येताहेत. ते एक पाऊल पुढे आले की बाई एक पाऊल मागे. पाठीला पडदा लागला तेव्हा बाई थांबल्या आणि माइकमध्ये अगदी शांतपणे म्हणाल्या, "नारळ द्या. शाल नको, ती ॲक्रिलिकची आहे."

झालं! मुलं फिदीफिदी हसली, पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि स्टाफरूममध्ये पुढे आठवडाभर तेच. एवढ्या मोठ्या माणसाचा अपमान! जाता जाता तरी नीट वागायचं! मी एकदाच तोंड उघडलं आणि सगळ्यांना गप्प केलं. अहो, शाल माणसाचा मान ठेवायला देतात ना? मग ज्या बाईने इतक्या वर्षांत सुती सोडून एक धागा अंगाला लागू दिला नाही, शिपायापासून प्रिन्सिपलपर्यंत सगळ्यांना हे ठाऊक, तिच्यासाठी तुम्ही दुकानातून उचलून काय आणता, तर चकचकीत प्लॅस्टिकची शाल! एरवी आमच्याकडे बुके आणि ट्रॉफी देऊन भागवतात. चेअरमन आपलेच, मराठी, म्हणून मुद्दाम शाल-श्रीफळ. मुद्दाम करायचं आणि तेही डोकं न चालवता, यात आपल्या लोकांचा हात कुणी धरणार नाही.

बाईंचं नाव मी सांगणार नाही. त्या बायोलॉजी शिकवायच्या, मी गणित. त्या पुण्याच्या, मी रायगडातल्या खाडीकाठच्या गावची, मासळीवर वाढलेली. वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, त्यामुळे सगळा स्टाफ त्यांना मॅडम म्हणायचा तरी मी पहिल्या दिवसापासून बाईच म्हटलं. मुलं त्यांना पाठीमागे पिंक मॅम म्हणायची. कारण बाई कायम राणी रंगात. साडी राणी रंगाची, ब्लाऊज तोच, एप्रन तोच, हातरुमाल तोच. शेड इकडची तिकडे नाही. कापडाचे तागे इचलकरंजीहून यायचे आणि एकाच माणसाकडून रंगवून यायचे. मे महिन्याच्या त्या भाजणाऱ्या उन्हात शाळेच्या गेटमधून तो रंग आत शिरला की डोळे मिटावेसे वाटायचे.

यावर तर्क किती! कुणी म्हणे नवस आहे, कुणी म्हणे कुठल्या तरी महाराजांचा पंथ आहे. एका टीचरने मला कानात सांगितलं, नवऱ्याला हा रंग आवडतो. त्यांचे मिस्टर राजधानीत, मनामाला, बँकेत, साधा, मितभाषी माणूस, त्याला कसली आवड म्हणून असेल असं वाटायचं नाही. मी आपली सरळ विचारून मोकळी झाले.

"माझा धागा मला ओळखता यावा म्हणून," बाई म्हणाल्या.

मी म्हटलं, झालं, या खरंच कुठल्या तरी पंथातल्या आहेत.

मग एकदा त्यांना घरी चहाला बोलावलं. आल्या, बसल्या, पोह्यांची बशी हातात घेतली, आणि आतून वॉशिंग मशीनचा आवाज आला तशा उठून सरळ मोरीत. "पाणी कुठे जातं याचं?"

"जातं गटारात," मी म्हटलं.

"आणि मग?"

मग काय, मला काय माहीत! बाईंनी पिशवीतून एक राणी रंगाचा पंचा काढला, मशीनच्या पाइपच्या तोंडाला घट्ट बांधला आणि पोहे खात तिथेच उभ्या राहिल्या. पाणी निघून गेल्यावर पंचा सोडला. आत राखाडी लगदा. तो त्यांनी चमच्याने खरवडून रिकाम्या बशीत घेतला आणि बशी आणून माझ्या मिस्टरांसमोर टेबलावर ठेवली.

"ही तुमची ट्रॅक पँट," बाई म्हणाल्या. "थोडी पाणी साफ करायच्या केंद्रात अडकेल, उरलेली समुद्रात जाईल. मासा खाईल. मासा कोण खातं?"

मिस्टरांना शुक्रवारी सकाळी साफी तळून लागते. साफी म्हणजे इथला मासा, काटे फार, पण चव अशी की आमच्या खाडीची आठवण यावी. ते बशीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "या अल्ला, बाईसाहेब, जेवण तरी सुखाने करू द्या." बाईंना त्यातला टोमणा कळलाच नाही. त्यांना खरंच वाटायचं, की माणसाला दाखवलं की माणूस सुधारतो. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या देखत मला विचारलं, "पंचा बांधला का?" बांधला होता. नाही बांधला तर सुटका होती का!

त्यांचं घर सनद नावाच्या गावात. तिथून थोडं चाललं की उथळ खाडी लागते, ओहोटीला चिखल उघडा पडतो. बाई स्टीलची बादली घेऊन तिथे जायच्या. मीही एकदोनदा गेले. काठावर एक बहरैनी म्हातारा गळ टाकून बसलेला असायचा. बाई बादली बुडवू लागल्या की तो हात हलवून ओरडायचा, "मफी समक! मफी समक!" म्हणजे मासे नाहीत इथे. बाई त्याला शुद्ध पुणेरी मराठीत उत्तर द्यायच्या, "मासे नकोत हो आजोबा, पाणीच हवंय." दोघंही आपापल्या भाषेत तेच तेच बोलायचे आणि दोघांनाही त्याचा कंटाळा यायचा नाही.

त्या काठावरच बाईंनी मला खरं काय ते सांगितलं.

तरुणपणी त्या एका संशोधन संस्थेत होत्या. एका उन्हाळ्यात, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात, संस्थेने त्यांना जहाजाने दक्षिण ध्रुवाकडे पाठवलं. बर्फाच्या कडेचं, किनाऱ्याजवळचं पाणी काढायचं आणि त्यात कोणते बारीक जीव राहतात ते बघायचं, हे काम. बाईंनी पाणी गाळलं, सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, तर जिवांच्या जोडीला धागे. लाल, काळे, निळे. कोळंबीच्या जातीचा एक इवलासा जीव होता, काचेसारखा आरपार दिसणारा. त्याच्या पोटात निळा धागा गुंडाळी होऊन बसलेला.

"माझं जेवण गेलं त्या दिवशी," बाई म्हणाल्या. "जिथे माणूस राहतच नाही, तिथल्या जिवाच्या पोटात हे कुठून आलं?"

परत आल्यावर त्यांनी अहवालात तसं लिहिलं. वरिष्ठांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, पाणी काढताना अंगावर काय होतं?" काय असणार! संस्थेनेच सगळ्यांना दिलेलं निळं फ्लीसचं जॅकेट. फ्लीस म्हणजे तो मऊ, केसाळ, गरम कपडा, सगळा प्लॅस्टिकच्या धाग्यांचा. वरिष्ठ हसले, मग सगळे हसले. "तुमचंच जॅकेट झडलंय, मॅडम." आणि अहवालातला तेवढा भाग गाळला.

ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्या वरिष्ठांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. बाईंनी मला थांबवलं.

"त्यांचं विचारणं चुकीचं नव्हतं. धागा माझा असू शकत होता. नाही हे मला दाखवता आलं नाही. पण मग म्हणायचं ना, की पुन्हा जा, सुती कपडे घालून जा, पुन्हा पाणी आणा! आणि समजा, माझ्याच जॅकेटचा असला, तरी तो पाण्यात पडलाच होता की! जहाजावर आमचे कपडे धुवायचे, ते पाणी काय आकाशात जायचं?"

पुढच्या वर्षी दुसऱ्याला पाठवलं. बाईंचं लग्न झालं, त्या इकडे आल्या, आणि तेव्हापासून राणी रंग. समुद्रात हा रंग सहसा सापडत नाही. पाण्यात राणी रंगाचा धागा दिसला की तो बाईंचा, बाजूला काढायचा. बाकीचे जगाचे. पंथ नव्हता, नवस नव्हता. एका बाईला एवढंच हवं होतं, की एकदा, फक्त एकदा, चार शहाण्या माणसांनी तोंडाने कबूल करावं की समुद्रातला तो धागा तुझा नव्हता. त्यासाठी त्यांनी आयुष्यभराचे कपडे बदलले. मला विचाराल तर वेडेपणा होता. पण आमच्या शाळेत दुसऱ्या कुणाच्या वेडेपणाला इतकं कारण नव्हतं.

शहाण्यांचं काय सांगू! एका वर्षी आमच्या स्नेहसंमेलनाचा विषय होता 'ध्रुव वाचवा'. स्टेजवर थर्माकोलचे हिमनग आणि वरून पॉलिस्टरचा कापूस भुरभुरवून बर्फ. पाचवीची मुलं फ्लीसचे पेंग्विन होऊन घामाघूम नाचली. टाळ्या काय, व्हिडिओ काय! नाच संपला आणि सफाईवाल्याने पाण्याचा पाइप लावून तो बर्फ गटाराकडे ढकलायला घेतला. बाई पाहुण्यांच्या मधून उठल्या, साडी खोचली, आणि ओल्या पंच्याने गुडघ्यांवर बसून स्टेज पुसायला लागल्या. प्रिन्सिपल कुजबुजले, "मॅडम, प्लीज, गेस्ट आहेत." बाई म्हणाल्या, "त्यांना पण एक एक फडकं द्या."

आता जॅकेटचं सांगते, कारण त्याच्यामुळेच बाई शाळा सोडून गेल्या.

शाळेने गणवेशाचं जॅकेट बदलायचं ठरवलं. इथे थंडी ती किती, जानेवारीत थोडे दिवस वारा बोचतो. पण वर्गातला एसी असा सोडलेला असतो, की बाहेर डांबर वितळत असताना मुलं आत जॅकेट घालून कुडकुडतात. एसी कमी करा असं कुणी म्हणत नाही, जॅकेट वाढवा म्हणतात. तर नवं जॅकेट गडद निळ्या फ्लीसचं, फेकलेल्या पाण्याच्या बाटल्या वितळवून केलेलं. त्यामुळे शाळेला 'ग्रीन' म्हणवून घ्यायला मोकळीक. आणि छातीवर, पर्यावरणाची आठवण म्हणून, भरतकामाचा पेंग्विन.

बाईंनी ते जॅकेट हातात घेतलं आणि त्या पेंग्विनावरून अंगठा फिरवत राहिल्या. "बाटली निदान बाटली म्हणून पडून असते," त्या म्हणाल्या. "उचलता येते. हिचा भुगा करून घराघरातून समुद्रात सोडणार, आणि वर हा पेंग्विन? याच्या दारातून मी पाणी आणलं होतं."

त्यांनी प्रिन्सिपलकडून शाळेच्या व्यवस्थापन समितीसमोर प्रयोग दाखवायची परवानगी मिळवली. गुरुवारी दुपारी, शाळा सुटल्यावर. चेअरमन, प्रिन्सिपल, समितीची मंडळी, गणवेशाच्या दुकानाचा माणूस, आणि शिक्षकांची प्रतिनिधी म्हणून मी. बाई स्टीलची बादली आणि लॅबचा सूक्ष्मदर्शक घेऊन आल्या. तो त्यांनी पडद्याला जोडला. आधी नुसतं गाळलेलं पाणी बादलीत फिरवलं, पुन्हा गाळलं आणि गाळणकागद दाखवला. कोरा. मग त्याच बादलीत नवं जॅकेट साबणाच्या पाण्यात हाताने खळबळून धुतलं, ते पाणी गाळलं, आणि कागद भिंगाखाली ठेवला. पडद्यावर निळ्या धाग्यांचं रान उठलं. माझ्या घरच्या बशीतला लगदा याच्यापुढे काहीच नव्हता.

दुकानाचा माणूस हसून म्हणाला, "मॅडम, ये तो आपके कपडे का भी हो सकता है."

बाईंचा चेहरा असा उजळला की मला रडू येईल असं वाटलं. या एका वाक्याची त्या किती वर्षं वाट बघत होत्या!

"हो, माझे दोन आहेत," त्या म्हणाल्या. "हे पाहा, मी आधीच खूण केली आहे. राणी रंगाचे." त्यांनी तापवलेली सुई एका राणी धाग्याला लावली. तो जळून काळा पडला. "हा सुती. सुतीही झडतो, थंड पाण्यात तोही चटकन कुजत नाही, मी नाकारत नाही. म्हणून तर रंग घालते." मग निळ्याला सुई लावली. तो आक्रसून वितळला, टोकाला मणी झाला. "हे प्लॅस्टिक. या खोलीत गडद निळं फ्लीस दुसरं काय आहे ते दाखवा, मी माझं म्हणणं मागे घेते."

सगळे आपापल्या अंगावरचे कपडे बघू लागले. मी मनात म्हटलं, यल्ला, चला बाई, जिंकलात!

मग चेअरमनसाहेब खुर्चीत पुढे झाले, आणि इंग्रजी सोडून मराठीत म्हणाले, "बाई, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे धागे जॅकेटचेच आहेत. प्रश्नच नाही. आमच्या घरी ड्रायरच्या जाळीत केवढा गोळा निघतो! तुम्ही फार छान दाखवलंत." आणि सगळ्यांकडे वळून त्यांनी तेच इंग्रजीत सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. दुकानाच्या माणसानेसुद्धा. प्रिन्सिपल म्हणाले, याचा फोटो न्यूजलेटरमध्ये टाकू. लगेच चेअरमन सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून उभे राहिले, फोटो निघाला. मग चहा आला, समोसे आले, आणि चहा पिता पिता विषय पुढे गेला. चेअरमननी विचारलं, जॅकेटला कुणाची हरकत?

मी हात वर केला. "आत्ता तुम्हीच मान्य केलंत ना सर? मग हे मत कसलं घेताय?"

"अहो मॅडम," चेअरमन समोसा मोडत म्हणाले, "साऱ्या जगात हेच चाललंय. आपल्या एका शाळेने समुद्र थोडाच बिघडणार आहे? आणि मुलांना आवडलंय हो जॅकेट."

खलास. एका हाताविरुद्ध बाकी सगळे. बाईंचा हात मोजायचा नव्हता, त्या समितीत नव्हत्या. त्या गाळणकागद काचेच्या झाकणीत ठेवत होत्या, अगदी हळू, एकही धागा सांडू नये म्हणून. चेअरमनने त्यांच्यासमोर समोशाची प्लेट धरली, त्यांनी "नको" म्हटलं.

आम्ही बाहेर पार्किंगमध्ये आलो. बसेस निघून गेल्या होत्या, डांबर पायाखाली मऊ लागत होतं. मी थांबेचना. निर्लज्ज म्हटलं, ढोंगी म्हटलं, चेअरमनला तर जे म्हटलं ते लिहिता यायचं नाही. अहो, माणसाला पटलं नाही तर मी समजू शकते, तुम्ही भांडा, पुरावा मागा, हसा हवं तर! डोळ्यांनी बघता, बरोबर आहे म्हणता, फोटो काढून घेता, आणि तेच करता? मला आजही कळत नाही की अशा माणसाशी माणसाने बोलायचं तरी काय.

बाई बादली मांडीवर धरून कठड्यावर बसल्या होत्या. इतक्या वर्षांत त्या मला कायम 'अहो' म्हणत आल्या होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाल्या, "अगं, बस जरा."

मी बसले.

"तिकडे संस्थेत हसले होते," त्या म्हणाल्या, "पण त्यांना खोटं वाटलं म्हणून हसले. मी तेव्हापासून धरून बसले, की खरं आहे हे एकदा दाखवलं की झालं. त्यापुढे काही करावं लागेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही गं." त्यांनी बादलीची कडी सरळ केली. "इथे सगळ्यांना पटलं. आणि मग चहा आला."